मुलीचं इंग्रजी कच्चं

१२ नोव्हेंबर १९६२, दिग्रस

जिनिंग सुरू झाल्या. आता होळीपर्यंत माझं नाक चोंदलेलं राहणार. खिडकी लावून घेतली तरी कापसाचे तंतू आत येतात, दुधावर बसतात, पांघरुणावर बसतात. सातवीच्या अर्ध्या मुली वेचणीला गेल्या आहेत. उरलेल्या अर्ध्या जांभया देतात आणि खरं सांगायचं तर मीही देते.

शाळा सुटल्यावर पुंडलिकरावांचं बोलावणं आलं. हे आमच्या कन्याशाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. बाजारात अडत, गावाबाहेर काळी जमीन, आणि शाळेत कोण राहणार, कोण जाणार हे त्यांच्या मनावर. मी नऊ वर्षं इथे इंग्रजी शिकवते आणि नऊ वर्षं टेंपररीच आहे. दर एप्रिलला शाळा मला निरोप देते आणि जूनमध्ये यांच्या मनात आलं तर परत बोलावते. त्यामुळे बोलावणं आलं की मी आधी आठवू लागते, माझं काय चुकलं.

काम वेगळंच निघालं. त्यांची कौसल्या गेल्या साली मॅट्रिक झाली, तेव्हापासून घरीच आहे. तिला पुसदचं स्थळ आलं आहे.

"पोरगा नागपूरले शिकला, शेतकी खात्यात आहे," पुंडलिकराव म्हणाले. "त्याचा मामा म्हनते, आमच्या भाच्याले इंग्रजी बोलनारी पोरगी पाह्यजे. नुसतं यस-नो नाई, बाई. भाचा बोलता बोलता इंग्रजी म्हनी फेकते म्हनते. तुमी पोरीले तयार करा. पौष संपला का पाह्यले येतीन ते."

मी म्हटलं, शाळा सुटल्यावर येत जाईन.

"हे जमलं का मार्चच्या मीटिंगमंदी तुमचं परमनंटचं मीच मांडतो. शब्द देतो."

घरी येताना पाय दुखत होते, पण नेहमीइतके नाही.

१९ नोव्हेंबर

आठवडाभर शिकवणी झाली. ओसरीवर बसतो आम्ही. वच्छलाबाई, म्हणजे कौसल्याची आई, आत सुपात डाळ पाखडत बसतात. मध्येच येऊन चहा ठेवतात आणि मुलीकडे न पाहता परत जातात. बोलणं असं नाहीच. नवऱ्याचा खाकरा बाहेर ऐकू आला की सूपसुद्धा थांबतं.

माझी पद्धत जुनीच, पाढ्यांची. मला माझ्या मास्तरांनी तशीच शिकवली होती. टर्न अप, उगवणे. टर्न डाउन, नाकारणे. टर्न आउट, हाकलणे. टर्न ओव्हर, पान उलटणे. दोघी ठेक्यात म्हणतो. पाखडणंही त्याच ठेक्यात येतं, हे आज माझ्या लक्षात आलं आणि हसू आलं.

मग प्रत्येक शब्द तिने वाक्यात वापरून दाखवायचा. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "बाई, वाक्य खरं पाह्यजे का?" मी म्हटलं, वाक्य शुद्ध पाहिजे, खरं असायलाच हवं असं नाही. परीक्षक काय तुझ्या घरी बघायला येतो का?

मुलगी हुशार आहे. बोलायला लाजते म्हणतात, पण इंग्रजीत लाजत नाही. मराठीत ती मान खाली घालून बोलते आणि इंग्रजीत वर बघून.

३ डिसेंबर

आज 'पुट अप विथ' घेतलं. सोसणे, निमूट चालवून घेणे. कौसल्याचं वाक्य: माझी आई वीस वर्षं सोसते आहे. मी म्हटलं, काळ बरोबर वापरलास. शाबास.

'गिव्ह अप' वर तिने म्हटलं, वडिलांनी सांगितलं म्हणून मी कॉलेजचा विचार सोडला. हेही शुद्ध. फक्त उच्चार जरा वऱ्हाडी, तो काय आता सुटायचा नाही. माझा तरी कुठे सुटला?

शाळेत चीनच्या लढाईसाठी मुली स्वेटर विणताहेत. दिग्रसच्या मुलींना थंडी काय माहीत! एका बाहीत दोन हात जातील असं एक स्वेटर झालं आहे.

२१ डिसेंबर

ताप. तीन दिवस अंगात कणकण होती. शिकवणी बुडवली नाही, कारण मार्च.

आज म्हणी घेतल्या. हातातला एक पक्षी झुडपातल्या दोघांपेक्षा बरा. कौसल्याने विचारलं, "आपल्याकडे याले काय म्हणतेत?" मी सांगितलं, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये. ती म्हणाली, "म्हणजे तिकडेबी लोकांले हेच शिकवतेत." मग अर्धी भाकरी काहीच नसण्यापेक्षा बरी. मग भिकाऱ्याला निवड नसते. तीन म्हणी झाल्यावर म्हणाली, "बाई, इंग्रजीत एकबी म्हण अशी नाई का, का माणसानं नाई म्हणावं?"

मला पटकन आठवेना. ताप होता. उद्या सांगते म्हटलं.

९ जानेवारी १९६३

सोन्याचा नवा कायदा येणार अशी गावात बोंब आहे. चौदा कॅरेटच्या वर दागिना करता यायचा नाही म्हणे. पुंडलिकराव सोनाराकडे दोनदा जाऊन आले आणि आता त्यांना लग्नाची पहिल्यापेक्षा जास्त घाई झाली आहे.

कौसल्या या दिवसांत फार मेहनत घेते. आपणहून शब्द मागते. नाकारण्याला आणखी काय म्हणतात? ठरलेलं मोडणं याला काय? कोणाच्या पाठीशी उभं राहणं याला? मी सांगते: कॉल ऑफ, स्टँड बाय. इतक्या गोडीने शिकणारी मुलगी मला नऊ वर्षांत मिळाली नाही. स्थळ पसंत असलं की मुली अशाच उमलतात.

फक्त एका वाक्यावर आज अडलो. 'टर्न डाउन'ची उजळणी होती. ती म्हणाली, मुलाने मुलीला नाकारलं आणि मुलीला आनंद झाला. मी म्हटलं, व्याकरण ठीक, पण अर्थ उलटा झाला. दुःख झालं असं म्हण. तिने लगेच बदललं. आज्ञाधारक आहे.

१७ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला वच्छलाबाईंकडे गेले, तर तिथे हळदीकुंकू चालू होतं, आणि मला कोणी वाण देत नाही हे दोघींनाही एकदम आठवलं. मी नेलेला तिळगूळ तसाच घेऊन मागच्या दाराने परत आले. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाले, वीस वर्षं झाली, तरी दर संक्रांतीला चूक होतेच. भावाने अमरावतीला शिकवलं म्हणून दोन घास खाते आहे.

माझंही असंच बघणं झालं होतं. त्यांनी मला चालून दाखवायला सांगितलं होतं, लंगडते की काय बघायला. शिकलीस किती, हे कोणी विचारलं नाही. कौसल्याला निदान बोलायला सांगणार आहेत.

२८ जानेवारी

काल बघण्याचा कार्यक्रम झाला. काल लिहिणं जमलं नाही. आज शाळेत रजा टाकली आहे आणि सकाळपासून या पानासमोर बसले आहे.

पुसदहून जीप भरून मंडळी आली. मुलगा गुणवंत, त्याची आई, आणि मामा. मामा म्हणजे सगळं तेच. लोडाला टेकून बसले आणि भाच्याच्या नागपूरच्या गोष्टी सांगू लागले. पुंडलिकरावांनी मला मुद्दाम बसवून घेतलं होतं, बायकांच्या बाजूला पण पुढे. गुणवंत सावळा, उंच, कॉलर घामाने ओली. पोह्यांची बशी त्याने हातातच धरली होती.

कौसल्या डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक झाला. मग मामा म्हणाले, "हं, आता गुणवंता, इंग्रजीत विचार. लाजू नको. तुमची पोरगी तयार आहे नं, पुंडलिकराव?"

गुणवंतने विचारलं, व्हॉट इज युवर नेम? मग, डू यू लाइक कुकिंग? पाठ केलेलं होतं, ते माझ्यासारखीला कळतंच.

कौसल्याने मान वर केली. थेट त्याच्याकडे पाहिलं. सगळी खोली हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होती. ती इंग्रजीत म्हणाली, आणि एकेक शब्द मीच दिलेला होता: सर, मी तुमच्या पाया पडते. हे लग्न पुढे नेऊ नका. मला शिकायचं आहे. माझं 'नाही' इथे कोणी ऐकणार नाही, तुमचं एका शब्दात ऐकतील. प्लीज टर्न मी डाउन. माझ्या पाठीशी उभे राहा.

मुलगी नाही म्हणू शकत नाही, मुलगा म्हणू शकतो, ही आपल्याकडची रीत. तिने त्या रीतीतूनच वाट काढली होती. तिला एवढंच वाटलं होतं की या माणसाला इंग्रजी येतं.

गुणवंत म्हणाला, "व्हेरी गुड. व्हेरी गुड."

मामांनी मांडीवर थाप मारली. पुंडलिकराव आनंदाने लाल झाले होते. कौसल्याचा चेहरा पाहवत नव्हता. त्या खोलीत ती काय बोलली हे फक्त मला कळलं होतं, आणि पुंडलिकराव माझ्याकडे वळले.

"बाई, काय म्हनली पोरगी? आमा अडान्यांले सांगा."

मी म्हटलं, "म्हणते, पाहुण्यांनी एवढ्या लांबून यायची तसदी घेतली, तिला फार आनंद झाला."

जमून आलं. कौसल्या माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, बशीतल्या पोह्यांकडे पाहिलं.

३० जानेवारी

स्थळ चांगलं आहे. मुलगा साधा दिसतो, नोकरी सरकारी आहे, सासू चेहऱ्यावरून मायाळू वाटली. अठरा वर्षांच्या मुलीला काय कळतं? भर बैठकीत मी खरं सांगितलं असतं तर बापाने तिला सोलून काढलं असतं. मी तिला वाचवलंच म्हणायचं.

हे लिहून दोनदा वाचलं. शुद्ध आहे.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, १० फेब्रुवारीला ठरलं.

१ फेब्रुवारी

पुंडलिकराव म्हणाले, लग्नापर्यंत शिकवणी चालूच ठेवा. गेले. कौसल्या आली, बसली, सगळे पाढे म्हटले. एक चूक नाही. पण एकही वाक्य करून दाखवलं नाही. मी म्हटलं, वाक्यात वापर. ती म्हणाली, "तुमीच सांगा, बाई. मी म्हणते तुमच्या मागे."

उठताना तिने एकच विचारलं. "ऐन वेळेवर दगा देणं, याले काय म्हणतेत?"

लेट डाउन, मी सांगितलं.

तिने मान हलवली आणि आत गेली. आत सूप चालू होतं. आज त्याला काही ठेका नव्हता.

२ फेब्रुवारी

जेवण जात नाही. मला नोकरी पाहिजे होती, बाकी काही नाही. भिऊन खोटं बोलले. दमलेल्या माणसाला भीती लवकर वाटते, एवढंच त्याला कारण.

४ फेब्रुवारी

काल रविवार. पहिल्या गाडीने पुसदला गेले. डोळे दाखवायला जाते म्हणून शेजारी सांगितलं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, कापसाच्या बोज्यावर पाय ठेवून बसले. रस्ताभर ठरवत होते की उतरून तशीच परत फिरायचं.

गुणवंतच्या आईने मला ओळखलं, चहा केला, हळदीकुंकवाची पंचाईत न करता साखर हातावर ठेवली. मी म्हटलं, साक्षगंधाच्या तयारीचं थोडं विचारायचं होतं. मग गुणवंत मला स्टँडपर्यंत पोचवायला निघाला. वाटेत नाल्याच्या पुलावर मी थांबले आणि सगळं सांगितलं. ती काय बोलली होती, आणि मी काय सांगितलं.

त्याने कठड्यावरचा एक खडा उचलून नाल्यात टाकला.

"मले वाटलंच होतं, बाई," तो म्हणाला. "तिचे हात थरथरून राह्यले होते. पाहुन्याले पाहून आनंद झालेल्या पोरीचे हात थरथरत नाईत. पन मामासमोर मी कसा म्हनू का मले समजलं नाई? मामानं साऱ्या जिल्ह्यात सांगून ठेवलं, का आमचा भाचा सायबावानी बोलते. मी बीएस्सी पास झालो तो पाठ करून."

"तुम्ही व्हेरी गुड म्हणालात."

"तेवढंच येते," तो म्हणाला, आणि कसनुसा हसला.

माझ्याही तोंडून हसू फुटलं. त्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो जे घाबरून खोटं बोललो. फरक एवढाच की मला समजलेलं होतं.

तो म्हणाला, "नाई म्हनाले मले जड नाई. पोराले कोनी विचारत नाई काहून म्हनून. पन मामाले कारन लागन. पत्रिका तर जुळली. रंग म्हनू का? उंची म्हनू?"

मी म्हटलं, नको. तसं काही म्हणाल तर ते तिच्या अंगाला चिकटून राहील. पुढच्या प्रत्येक स्थळापुढे येईल.

"मंग काय सांगू?"

हे मी आधी ठरवून आले नव्हते. पुलावरून एक छकडा गेला, तो जाईपर्यंत आम्ही बाजूला उभे होतो, आणि तेवढ्यात सुचलं. मी म्हटलं, "सांगा, मुलीचं इंग्रजी कच्चं आहे. मुलीत खोट नाही, शिकवणारी बरोबर नाही. पाया कच्चा राहिला."

तो म्हणाला, "बाई, तुमची नोकरी तिच्या बापाच्या हातात आहे ना?"

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. गाडीची वेळ झाली होती.

८ फेब्रुवारी

पुसदहून माणूस येऊन गेला. पुंडलिकरावांनी मला शाळेतून बोलावून घेतलं आणि बाजारच्या माणसांसमोर, अडतीच्या गादीवरून, विचारलं, "नऊ वर्सं काय शिकोलं बाई तुमी आमच्या गावाच्या पोरींले? पुसदचे लोक म्हनून राह्यले, पाया कच्चा! सोन्यावानी स्थळ गेलं. पोरीत खोट नाई म्हनतेत, मास्तरनीत आहे!"

मी उभी होते. एवढंच म्हटलं, "त्यांना कळत असेल."

त्या दिवशी खोलीत इंग्रजी जाणणारी मी एकटी, आणि गावभर आता माझंच इंग्रजी कच्चं. मंडईत भाजीवालीनेसुद्धा विचारलं, "बाई, नापास झाल्या म्हनते तुमी?" मी पाव शेर वांगी घेतली आणि हो म्हटलं.

२३ मार्च

मीटिंग झाली. माझं नाव निघालं, पण काढून टाकायच्या यादीत. या एप्रिलनंतर जूनमध्ये बोलावणार नाहीत. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, नुसती झोप आली. शाळेतून येऊन जी झोपले ती दिवेलागणीला उठले.

पांढरकवड्याकडे एका प्राथमिक शाळेत जागा आहे असं कळलं. जंगलातलं गाव. तिथे इंग्रजी नाही. बरंच आहे, तिथे माझा पाया कोणी तपासणार नाही.

१४ एप्रिल

आज बाजारात ऐकलेली बातमी. पुंडलिकराव चारचौघांत सांगत होते, "पुसदवाल्यानं माह्या पोरीचं इंग्रजी कच्चं म्हनलं काय? आता यवतमाळले कॉलेजात टाकतो तिले. बीए करतो. मंग पाहतो कोन कच्चं म्हनते ते!"

मी तिथेच मिरच्यांच्या पोत्याला धरून उभी राहिले. हे माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मी फक्त लग्न मोडायला गेले होते. एवढी वर्षं म्हणी शिकवल्या, पण बापाचा अहंकार कोणत्या बाजूला वळेल हे सांगणारी म्हण मला एकाही भाषेत माहीत नाही.

२ मे

ट्रंक बांधली. उद्या सकाळची पांढरकवड्याची गाडी.

दुपारी कौसल्या आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. बरोबर वच्छलाबाई. त्या उंबऱ्यातच थांबल्या, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. मे महिन्यात तिळाचे लाडू! म्हणाल्या, "संक्रांतीचे राह्यले होते, बाई." त्या माझ्याशी इतकं बोललेल्या ही पहिलीच वेळ. डबा ठेवून बाहेर जाऊन बसल्या.

कौसल्या खाली बसली, नेहमीसारखी, समोर. म्हणाली, "त्या माणसाले माझं इंग्रजी कच्चं का पक्कं काय समजते, बाई? त्याले व्हेरी गुडच्या पुढे येत नाई. मग त्याले हे कोणी सांगितलं?"

मी ट्रंकेचं कुलूप बघत राहिले. कुलूप नीट बसलेलं होतं.

"तुमी पुसदले डोळे दाखवाले गेलत्या म्हणते. चष्मा तर जुनाच आहे."

मी म्हटलं, "कौसल्ये, त्या दिवशी बैठकीत मी तुला दगा दिला. ते खरं आहे. मागून काही केलं तरी ते खरंच राहतं."

तिने ऐकलं. नाही म्हणाली नाही. मग म्हणाली, "एक शब्द राह्यला वाक्यात वापराचा. लेट डाउन." आणि मान वर करून इंग्रजीत म्हणाली: माझ्या बाईंनी मला कधी दगा दिला नाही.

मी म्हटलं, हे वाक्य खोटं आहे.

"शुद्ध आहे का नाई, तेवढं सांगा," ती म्हणाली. "खरं असालेच पाह्यजे असं नाई. तुमीच शिकोलं."

तेव्हा मात्र रडू आलं, दोघींनाही. बाहेरून वच्छलाबाईंनी हाक मारली, उशीर झाला म्हणून. कौसल्या उठली, पाया पडली, "येते बाई" म्हणाली आणि गेली.

वाक्य शुद्ध होतं. एकही चूक नव्हती. हे मी तिला सांगायचं विसरले.